न आल्याची सही

सेक्रेटरीनं माझा फॉर्म दोन बोटांत धरला. ओलं फडकं धरावं तसा. आणि समोर बसलेल्या चार-पाच जणांना ऐकू जाईल असं बोलला, "ह्या लोकांना तारीख कळत न्हाई बघा. जत्रेतलं जेवण असलं की बरोबर टायमाला येतात. सरकारचं औषध द्यायचं तर ह्यांना घरी जाऊन उठवावं लागतंय."

सगळे हसले. ज्याच्या रानात मी खुरपायला जायचे, तोही तिथं होता. त्यानं मान खाली घातली, पण खांदे हलत होते.

मी गावच्या खत-बियाण्याच्या सोसायटीच्या ओट्याखाली उभी होते. पाच पायऱ्या वर तो, खाली मी. फॉर्म मी हात उंच करून दिला होता.

जत्रेतल्या जेवणाला आमची पंगत सगळ्यांत शेवटी बसते. तोवर भात गार झालेला असतो. हे त्याला माहीत आहे. हसणाऱ्यांनाही माहीत आहे. पण चार माणसांत माझा आवाज निघत नाही. लहानपणापासून तसंच आहे. डोळे जमिनीकडं जातात.

आमची वस्ती बौद्धांची. नवरा सेंट्रिंगच्या कामाला जातो. स्लॅब टाकायच्या आधी वर चढून फळ्या ठोकायचं काम. त्याला फिट येते. डॉक्टरनं सांगितलंय, रोजची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. गोळी चालू असली की तो चारचौघांसारखा असतो. चेष्टा करतो, भाकरी तीन खातो, कामाला जातो. आजवर गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळायच्या. मग तिथं म्हणाले की ह्या गोळ्या आता नव्या कार्डावरच मिळतील. कार्ड काढा, तालुक्याला कमलनगरच्या औषधाच्या दुकानात दाखवा, दर महिन्याला घेऊन जा. कार्डाची नोंदणी गावच्या सोसायटीत, वर्षातनं एक दिवस. तो दिवस चुकला तर दंड. आणि दंड एकदाच नाही. कार्ड जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं, दरवर्षी.

हे सगळं मला माहीत होतं. आशाचं काम करणारी महादेवी अक्का आठ दिवस आधीच वस्तीत येऊन सांगून गेली होती. दंड लागू नये म्हणून मी तीनदा कागद तपासले. आधार, रेशन कार्ड, दोन फोटो, डॉक्टरची चिठ्ठी. नोंदणीच्या दिवशी भाकरी करून, नवऱ्याचा डबा भरून, मी आठच्या आत सोसायटीपुढं पोचले. कुलूपसुद्धा उघडलं नव्हतं.

माझ्यामागून प्रयागबाई आली. तिला साखरेचा आजार आहे. मग वस्तीतले आणखी पाच-सहा जण. आम्ही ओट्यासमोरच्या चिंचेखाली बसलो.

आमची माणसं तिथंच बसतात. तशी पाटी नाही. कुणी हात धरून बसवत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं सांगितलं होतं, तिथं बोलावल्याबिगर चढायचं नाही, बोलावतेत. आणि खरंच बोलावतात. बियाणं असो, कसला दाखला असो, सगळ्यांचं झालं की शिपाई ओट्याच्या कडेला येऊन हात करतो. मग आम्ही वर जातो. शेवटी का होईना, काम होतं. त्याच भरवशावर आम्ही बसलो.

दहाला तालुक्याची माणसं मशीन घेऊन आली. लोक यायला लागले. येत होते, पायऱ्या चढत होते, अंगठा लावत होते, चहा पिऊन उतरत होते. बारा वाजले. जेवून आलेले लोक आले. त्यांचंही झालं. एक बाई उतरताना मला म्हणाली, "आजून बसलीस व्हय?" मी हसले. कामून हसले मी? त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

मी शिपायाकडं बघत राहिले. तो दोनदा कडेला आला. एकदा पान थुंकायला, एकदा कुणाची तरी गाडी बाजूला घ्या म्हणायला. हात केला नाही. प्रयागबाई म्हणत होती, गर्दी कमी झाली की बोलावतील. गर्दी कमी झाली. मग गर्दी राहिलीच नाही. तरी आम्ही बसून.

चार वाजता तालुक्याची जीप गेली. शिपाई खाली आला. "मशीन बंद झालं. घरी जावा," म्हणाला.

प्रयागबाईनं विचारलं, "मग आमचं?"

"आता दंडाचं बघू. पुढच्या महिन्यात."

आम्ही उठलो. लुगड्याला लागलेली माती झाडली.

त्या महिन्यात घरातल्या गोळ्या संपत आल्या, विकतच्या महाग. नवऱ्यानं मला न सांगता गोळी अर्धी करून खायला सुरुवात केली. मला पाकीट बघून कळायला पाहिजे होतं. कळलं नाही. एके दिवशी सकाळी तो नळावर पाणी भरायला गेला आणि तिथंच पडला. कपाळ दगडावर आपटलं. मी धावत गेले तेव्हा हातपाय ताठ झाले होते, तोंडातून फेस आणि रक्त. जीभ चावली होती. लोक लांब उभे राहून बघत होते. मी त्याला कुशीवर वळवला आणि डोकं मांडीवर घेतलं. एकच गोष्ट मनात होती. आज हा जमिनीवर पडला. उद्या स्लॅबवरून पडला तर?

म्हणून मी दंडाचा फॉर्म भरायला गेले. तेव्हाच सेक्रेटरी तसं बोलला, आणि सगळे हसले.

हसून झाल्यावर त्यानं फॉर्म वरून खाली टाकला. "सही कर, दंड भर, आणि जा. पुढल्या खेपेला घड्याळ बघायला शिका."

आमचं गाव कर्नाटकात, त्यामुळं फॉर्म कानडीत होता; नाव-गाव शिपायानं भरून दिलं होतं. मी चौथीपर्यंत शिकले, आमच्या गावच्या मराठी शाळेत. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि ती कानडी. माझं शिक्षण तिथंच थांबलं. कानडी बोलते, बाजारात भांडूनसुद्धा येते, पण वाचता येत नाही. पेन उघडलं होतं. सही करणारच होते. महादेवी अक्का कुणाच्यातरी कामानं तिथं आली होती. मी तिच्यापुढं फॉर्म धरला. खाली काय लिहिलंय एवढं सांग म्हटलं.

तिनं वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. हळू आवाजात मराठीत सांगितलं, "मी ठरलेल्या दिवशी नोंदणीला आले नाही. ही माझी स्वतःची हयगय आहे. दंड मला मान्य आहे."

माझा हात थांबला.

"मी त्या दिवशी आले होते," मी म्हणाले.

सेक्रेटरीला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले. आवाज चिरका निघाला.

तो ओट्याच्या कडेला आला. "आली होतीस? मग वर कामून आली न्हाईस? कुणी अडवलं तुला? पाय न्हाईत व्हय?"

अडवलं तर कुणीच नव्हतं. ते खरं होतं. मी फॉर्म घडी करून कमरेला खोचला आणि निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, दंडाला घाबरली.

सही केली नाही ते काही धाडस नव्हतं. डोकं बंद पडलं होतं, एवढंच.

घरी आले तर नवरा कपाळाला पट्टी बांधून बसला होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कर की सही. आपल्याला काय नवीन हाय?"

त्याचं ते शांतपणे बोलणं मला सेक्रेटरीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी ताट आपटलं. मग त्याची पट्टी बघून ताट उचलून ठेवलं.

प्रयागबाईनं सही केली. वस्तीतल्या सगळ्यांनी केली. प्रयागबाई मला समजवायला आली. "नावापुढं हयगय लिहिलं म्हणून अंगावर डाग पडतोय व्हय गं? गोळी तर पोटात पडायली न्हवं." तिचं खोटं नव्हतं. तिच्या पायाची जखम भरत नव्हती. तिला मी काय म्हणणार? पण आठ माणसं. सकाळी आठपासून चारपर्यंत बसलेली. आणि सातांनी लिहून दिलं की आम्ही आलोच नाही.

सेक्रेटरीचा सवाल मात्र डोक्यातून जाईना. खुरपताना तोच, भाकरी थापताना तोच. कुणी अडवलं तुला?

दोन दिवसांनी सोसायटीत खताची लॉरी आली. मी कमलनगरहून दहा गोळ्या विकत घेऊन भाड्याच्या जीपमधून उतरले आणि त्याच वाटेनं निघाले होते. आमच्याच वस्तीतली माणसं पोती उतरवत होती. पाठीवर पोतं घेऊन पायऱ्या चढत होती, थेट आत गोदामात जात होती. कुणी बोलावलं नव्हतं. कुणी थांबत नव्हतं. सेक्रेटरी दारातून सरकून वाट देत होता, "चला चला, लवकर" म्हणत होता.

मी रस्त्यातच उभी राहिले. पाठीवर पोतं असलं की चढायचं. हातात कागद असला की खाली बसायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं? आणि शिकवणाऱ्यालाच आता विचारायचंय, कामून बसलात म्हणून?

अंगाला घाम फुटला. लाज होती ती. आणि पहिल्यांदाच ती माझी नव्हती.

त्या दिवशी मी वहीचं पान फाडून मराठीत लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मी नोंदणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत आले होते. चार वाजेपर्यंत बसले. मला बोलावलं नाही. माझ्यामागून आलेल्यांचं काम झालं. माझी हयगय नाही. मला दंड मान्य नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं.

सोमवारी गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा सवयीनं चिंचेकडं बघितलं. शिपायानं विचारलं, काय पाहिजे? उत्तर द्यायला थांबले असते तर मागं फिरले असते. पाच पायऱ्या चढले. आत भिंतीला बाकडं होतं, त्यावर दोघं बसले होते. मी कडेला बसले. त्यातला एक उठून उभा राहिला. राहू दे उभा.

सेक्रेटरीनं कागद बघितला. "मराठीत चालत न्हाई."

"मग तुमी कानडीत लिहा, अण्णा. मी सांगते."

बाकड्यावरचा म्हणाला, "वकील झाली बघ ही." सेक्रेटरी हसला नाही. खुर्ची पुढं ओढली आणि समजुतीनं बोलायला लागला. ते समजुतीचं बोलणं शिव्यांपेक्षा वाईट होतं. "दंड आहे तरी केवढा? चहापाण्याएवढा. एवढ्यासाठी नवऱ्याचा जीव घेतीस व्हय?"

कपाळावरची पट्टी डोळ्यांपुढं आली. क्षणभर वाटलं, आण तो फॉर्म, करते सही.

"एवढाच असला तर तुमी भरा," मी म्हणाले. "तुमच्या नावानं. बोलावलं न्हाई तुमी."

मग त्यानं कागद माझ्याकडं सरकवला आणि दुसऱ्याशी बोलायला लागला. जणू मी नव्हतेच तिथं. मी पोच मागितली. दिली नाही. बंद होईपर्यंत बसले. शिपायानं माझ्या पायांजवळून झाडू फिरवला. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारी महादेवी अक्कानं तोच मजकूर कानडीत उतरवून दिला, तिचं नाव कुठं येऊ देऊ नको म्हणाली. तिचीही नोकरी आहे. मी पोस्टात जाऊन दोन्ही कागद तालुक्याला रजिस्टर केले. पोस्टानं पावती दिली.

अजून उत्तर नाही. कार्ड नाही. नवरा पहिले पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता बोलतो, पण सोसायटीचं नाव काढत नाही. ज्याच्या रानात खुरपायला जात होते त्यानं यंदा दुसऱ्या बायका बोलावल्या. मी लांबच्या रानात जाते. दर दहा दिवसांनी गोळ्या विकत आणते आणि रोज संध्याकाळी एक गोळी माझ्या देखत त्याला गिळायला लावते. त्याला वरच्या कामावर जाऊ देत नाही. मजुरी कमी मिळते. वस्तीत बायका म्हणतात, हिला काय मिळालं? मला काही मिळालं नाही. ते खरं आहे.

पण सोमवार मी सोडत नाही. गेल्या सोमवारी वर चढताना चिंचेकडं बघितलं नाही. बाकड्यावर बसले आणि विचारलं, माझ्या कार्डाचं काय झालं? आवाज अजून बारीकच निघतो. बाहेरच्यांना ऐकू जातो, तेवढं पुरे.

त्यांना दंड नको आहे. दंडाचे पैसे त्यांना किती पुरणार? त्यांना माझी सही पाहिजे. मी आलेच नव्हते, असं माझ्याच हातानं लिहिलेलं पाहिजे. मी आले होते. गोळ्या मिळोत न मिळोत, ती सही त्यांना मिळणार नाही.