गटाराला ऑक्सिजन लावणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतकं गटारावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. लग्नाला गेल्यावर लोक जेवणाचा वास घेतात. मामा आधी मांडवामागच्या चेंबरचा घेत. सोनगीरला भर पंगतीतून उठून त्यांनी नवरीच्या बापाला बजावलं, "तुमचा पाइप फार दिवस टिकायचा नाही!" तो बिचारा हातात जिलबीचं ताट घेऊन बघतच राहिला.

त्यांची नोकरी नरडाण्याच्या एका कारखान्यात, सांडपाण्याच्या पाइपांवर झालेली. घरी शोकेसमध्ये चांदीच्या भांड्यांशेजारी सडक्या काँक्रीट पाइपाचा तुकडा होता. पाहुण्याच्या हातात चहाआधी तो पडे. दाबला की भुगा व्हायचा. "घाण पाण्यातला ऑक्सिजन संपला की वायू सुटतो," मामा सांगत, "आधी वास मारतो, मग त्याचंच आम्ल होऊन पाइप खातं. पाण्यात ऑक्सिजन विरघळवा, वायू तयारच होत नाही!" मामी कळवळून म्हणायच्या, "अहो, त्यांना बिस्कीट तरी खाऊ द्या."

मामा आणि आम्ही धुळ्याच्या एकाच कॉलनीत; तिथे वास असह्य झाला, तेव्हा मामांनी सांडपाण्याच्या पंपापाशी सिलिंडर बसवून पाइपात ऑक्सिजन सोडला. लोक फिदीफिदी हसले. पण चार दिवसांत वास गेला आणि हसणारेच मामांना वाकून नमस्कार करू लागले. म्हातारा काय खुलला होता म्हणून सांगू!

पुढे मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जळगावला गेले. कॉलनीचा सेक्रेटरी मी, पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. वास तर येत नाही, मग उगाच ऑक्सिजन कशाला, म्हणून मी शहाण्याने सिलिंडरचा कॉक बंद केला. आठवड्यात नाक धरायची पाळी आली. कॉक बंद असल्याचं सांगायला जीभ रेटेना, आणि गुपचूप उघडला तर किल्लीवाला मीच पकडला जाईन, या भीतीने उघडलाही नाही. बैठक भरली. "मामांचं यंत्र भंगारात काढा," सगळे ओरडू लागले.

जळगावहून परतलेले मामा काळा चष्मा लावून थेट पंपावर गेले. कॉक पाहिला, माझ्याकडे पाहिलं, कॉक उघडला. मग बैठकीत हात जोडून म्हणाले, "यंत्र ठीक शे, भाऊ. जाताना कॉक मीच बंद करून गेलो. म्हातारपण, दुसरं काय!"

मी खाली मान घालून बसलो. आज लिहितानाही लाज वाटते. मामांनी पुढे कधी तो विषय काढला नाही, आणि मला काढायचं धाडस झालं नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्याला कॉलनीतले लोक जमले आणि त्यांच्या विसरभोळेपणाचा हा किस्सा सांगून हसले. मीही हसलो.