पोटाचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणून दोनदा बसलो — आणि उठलो. आता थकलोय. तुम्ही कुसुमला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

कुसुम माझी धाकटी बहीण. आई गेल्यावर घाटकोपरच्या चाळीत आम्ही दोघंच उरलो. मी कारकून, बिनलग्नाचा. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा माझ्या पोटात खालच्या बाजूला कळा यायला लागल्या. दुखणं खरं होतं — तेव्हा तरी. त्याच सुमारास सांताक्रूझच्या एका ड्रॉइंग मास्तरांनी कुसुमला पसंत केलं. तिलाही ते आवडले होते. त्यांचा विषय निघाला की ती उगाच भांडी आवरायला उठायची. पण तारीख धरायला तयार नव्हती. दादाच्या पोटाचा फोटो होऊ दे, मग बघू, म्हणाली.

फोटो म्हणजे एक्स-रे. आदल्या दिवशी जेवण बंद, कोऱ्या चहावर राहायचं आणि दुपारी एरंडेल. तिने ते आल्याच्या रसात घालून दिलं. संध्याकाळपर्यंत मी नऊ वेळा चाळीच्या टोकाला गेलो असेन — आणि दर वेळी ती माझ्याआधी पाण्याची बादली घेऊन तिथे. रांगेतल्यांना आपल्या मालवणीत सांगायची, "आमच्या दादाक जरा पुढे जाऊक देवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला लाज वाटली नसेल? मी कधी विचारलं नाही.

सकाळी इस्पितळात एनिमा. मग अंधारी खोली, गार टेबल. काळोखात नीट दिसावं म्हणून डॉक्टर आधीपासूनच लाल चष्मा लावून बसले होते. मागून नळी घालून पांढरं औषध आत सोडलं — पोट फुगतं, जीव कासावीस होतो, आणि वर म्हणतात, धरून ठेवा. या कुशीवर वळा, त्या कुशीवर वळा, श्वास रोखा. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि — कसं सांगू? — काहीतरी निघू दे, असं मनात म्हणत होतो. मोठं नको. माणूस मरणार नाही, पण त्याला एकटं टाकून जाता येणार नाही, इतपत.

काही निघालं नाही. चार दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, आतडं स्वच्छ आहे, वाताचं दुखणं आहे, वेळेवर जेवा, फिरायला जा. रिपोर्ट इंग्रजीत होता, कुसुम मराठी सातवी झालेली. ती बाहेर बाकावर बसली होती. मला पाहून उठली.

"आतड्याला सूज आहे," मी म्हणालो. "पथ्य सांभाळावं लागेल. बरीच वर्षं."

ती रडली नाही. येताना वाटेत तिने मूगडाळ घेतली. मास्तर आठ-नऊ महिने थांबले, मग त्यांच्या आईने दुसरीकडे जमवलं. दोन स्वयंपाक कशाला, म्हणून कुसुमही माझ्याबरोबर बिनतिखटाचं जेवू लागली — मालवणची मुलगी, बांगड्याच्या तिखट कढीवर वाढलेली. माझ्या कळा वर्षभरात थांबल्या. तरी मी अधूनमधून पोट धरायचो. कधी? ती बघत असली की.

आता तिचे केस पांढरे झालेत. गेल्या महिन्यात मला ताप आला, तेव्हा ती मला नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पूर्वी काही मोठं दुखणं होतं का, त्यांनी मला विचारलं. उत्तर तिने दिलं. कुठलं इस्पितळ, कुठलं पथ्य, काय काय वर्ज्य केलं — सगळं तोंडपाठ, जरा अभिमानाने. सूज डाव्या बाजूला होती, हेही सांगितलं. बाजू मी तिला कधी सांगितलीच नव्हती. मी पोट कुठे धरतो ते पाहून तिने ठरवली असणार.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना, काका?"

मी हो म्हणालो.