बंडोपंतांचं इंग्रजी

बंडोपंत वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात हेडक्लार्क होते. त्यांच्या इंग्रजीचा दरारा असा, की खुद्द मालक त्यांचं पत्र हाती घेण्याआधी चष्मा पुसायचे. पॅसिव्ह व्हॉइस तर पंतांच्या हातचा मळ! गंजीला आग लागो, वजनात गडबड होवो, पंतांच्या कागदात सगळं आपोआप झालेलं असायचं. कुणी केलेलं नसायचं. "कर्ता गाळला की कटकट मिटते," असं ते मोठ्या ऐटीत सांगायचे.

त्रेपन्नच्या हंगामात कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर ताटकळत होत्या. मशीनच्या पट्ट्यावर हात-कपडा अडकू नये म्हणून बसवलेल्या जाळीत रुई अडकायची आणि काम थांबायचं. मॅनेजर वैतागून म्हणाला, "काढून टाका ती जाळी!" पंत शेजारीच उभे होते. आठवडाही झाला नाही, आंजी गावच्या गोमाजी मजुराचा सदरा त्या उघड्या पट्ट्यात सापडला. माणूस जागीच गेला.

अहवाल अर्थातच पंतांनी लिहिला. 'जाळी काढण्यात आली होती. मजूर ओढला गेला.' इंग्रजीत तर ते आणखी गुळगुळीत वाटत होतं. कुणी काढली? कुणीच नाही! सरकारी तपासणीचा साहेब आला, मान डोलावून, चहा पिऊन गेला. संताप येतो हो अशा गुळगुळीतपणाचा!

महिन्याभरानं गोमाजीची बायको रुखमा पिपरीला पंतांच्या घरी आली आणि अंगणातच त्यांच्या पाया पडली.

"जिनातले लोक म्हणत, सारा दोष त्याच्यावरच टाकतीन. पन तुमी माह्या घरधन्याले कागदात दोष देला नाई. मोठे उपकार झाले, पंत."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर पंतांनी निमूट ऐकल्या असत्या. हे उपकार काही गिळवेनात.

"जाळी मॅनेजरनं काढायला लावली, रुखमाबाई," ते कसंबसं म्हणाले. "माझ्यासमोर."

रुखमा उठून उभी राहिली. "मंग तवा काऊन नाई बोलले?"

उत्तराची वाट न पाहता ती गेली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तपासणीचं ऑफिस गाठलं आणि मॅनेजरचं नाव घेतलं. साहेब हसले. "अहो, अहवाल तुम्हीच लिहिलाय ना? आणि काय सुरेख लिहिलाय! आता ते प्रकरण बंद झालं."

हे सांगायला पंत स्वतः आंजीला गेले. रुखमानं दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. त्यांना बसा म्हटलं नाही.