बुटक्या टेबलाचं वर्कशॉप

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पण सासऱ्यांपुढे, म्हणजे आमच्या दादांपुढे, माझीही डाळ शिजत नाही. कारण ते भांडतच नाहीत. "असू दे गं" म्हणाले की संपलं!

दादांनी जन्मभर पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे परदेशात आमच्याकडे आणलं. आल्यापासून आपले खिडकीशी बसून. जेवण निम्मं ताटात. एक दिवस नवऱ्याला म्हणाले, "माझं परतीचं तिकीट काढ." या आज्ञाधारक बाळानं मुकाट्यानं काढलंही, पुढच्याच रविवारचं! मी नुसती जळफळले. तिकडे रिकाम्या घरात एकटे काय करणार होते ते? आणि खरं सांगू, मला ते हवे होते. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. दादांना मी त्यांच्या जागी मानलं होतं, बोलून कधी दाखवलं नाही एवढंच.

मग ठरवलं, बस्स, दादांना इथेच वर्कशॉप थाटून द्यायचं. गॅरेजमधली अडगळ उपसली. छान उंच टेबल आणलं, फिरती खुर्ची आणली, वर दिवा लावला, भिंतीवर पाने-पकडी ओळीनं टांगल्या. शेजारणीचा बंद पडलेला पंखासुद्धा मागून आणला.

दादांनी सगळं निरखून पाहिलं. "छान केलंस हो," म्हणाले. खुर्चीवर बसले, पंख्याचे दोन स्क्रू काढले, परत लावले आणि खिडकीशी जाऊन बसले. रोज तेच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

शुक्रवारी भाजी घेऊन जरा लवकर परतले, तर गॅरेजचं दार लोटलेलं. ढकललं आणि बघतच राहिले. दादा खाली जमिनीवर! पुठ्ठ्यावर बसलेले, मोजे काढलेले, पंख्याची मोटर दोन्ही तळपायांत घट्ट धरलेली आणि हात झरझर चाललेले. चेहरा कसा खुलला होता! मला पाहताच मात्र चोरी पकडल्यासारखे उठायला लागले.

"दादा, असं खाली का?"

"अगं, आयुष्यभर असंच काम केलं. पायात धरल्याशिवाय मोटारीचं दुखणं कळत नाही मला."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही एवढं हौसेनं केलंत. त्यात इथले लोक येणार-जाणार. म्हातारा जमिनीवर बसून पायानं काम करतो म्हटल्यावर तुमची मान खाली जायची."

अस्सं! म्हणजे आमची मान वर राहावी म्हणून हा माणूस इतके दिवस हात बांधून बसला होता आणि आता निघूनही चालला होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. करवत उचलली आणि टेबलाच्या पायावर चालवायला लागले.

"अगं अगं, नवं कोरं टेबल!"

"दादा, तुम्ही एक अक्षर बोलू नका."

"नाही बोलत. पण करवत तिरकी चाललीय."

बाकीचे तीन पाय मग त्यांनीच कापले. टेबल वीतभर उरलं. खाली मी जाड सतरंजी अंथरली.

संध्याकाळी शेजारीण पंखा न्यायला आली. दादांची चुळबुळ सुरू झाली, तसा मी त्यांचा खांदा दाबून धरला. ती क्षणभर बघत राहिली, मग बूट काढून सरळ समोर फतकल मारून बसली. पंखा गरगर फिरला. खूश होऊन तिनं विचारलं, शिलाई मशीनही बंद पडलंय, बघाल का? मी दादांना मराठीत सांगितलं.

"आण म्हणावं. पण घाई करायची नाही. सगळं खोलावं लागेल. बुधवारी मिळेल."

"बुधवारी? दादा, रविवारी तुमचं विमान..."

"ते रद्द करायला सांग त्याला," पंख्याची जाळी पुसत दादा म्हणाले. "हातात घेतलेलं काम टाकून जाणाऱ्यांतला नाही मी."

मला जो हुंदका फुटला, तो काही केल्या आवरेना. शेजारीण बिचारी घाबरलीच. तिला वाटलं, तिचं मशीन काही आता दुरुस्त होत नाही.