मी मागितला तरी देऊ नका

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या वाडीच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा कोणाला उपयोग झाल्याचं मात्र मला एकदाच आठवतं.

एका पालकाला कोणीतरी फोनवरून गंडवलं, म्हणून मी पालकसभेत फळ्यावर मोठ्या अक्षरात 'ओटीपी' लिहिलं आणि दम भरला, "हा आकडा कोणालाच सांगायचा नाही. ओळखीचा नंबर दिसला तरी नाही, ओळखीचा आवाज आला तरी नाही, आजकाल दोन्ही बनवता येतात. उद्या मी मागितला तरी देऊ नका." अर्धेअधिक बाप ट्रक चालवणारे, उरलेले हिंगण्याच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे. सगळे पेंगत होते. मागच्या बाकावरचा एक ड्रायव्हर तेवढा मान हलवत होता. एकाच्या तरी डोक्यात शिरलं म्हणून मला बरं वाटलं.

महिन्याभरानं त्याच्याच पोरीचा अर्ज भरायला बसले. पाचवीतली पोरगी, फळ्यावर माझं गणित चुकलं की हात वर करणारी. सरकारी निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा तिला द्यायचीच होती. घरी एका खोलीत पाच जण, अन् तिकडे म्हणे प्रत्येकीला स्वतःचं टेबल. हे तिनं मला चारदा सांगितलं होतं. दाखला उशिरा मिळाला, त्यामुळे अर्ज शेवटच्या दिवसावर आला. पाचला साइट बंद होणार होती. चार चाळीसला सगळं भरून झालं, तर स्क्रीनवर आलं, पालकांच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. मी फोन लावला.

"शाळेतून मॅडम बोलतेय. आत्ता आकडा आला असेल, तो सांगा."

"नाही सांगत."

"अहो, मी मॅडम आहे. नंबर बघा."

"नंबर बनवता येते. मॅडमनंच सांगतलं."

मी पोरीच्या हातात फोन दिला. "बाबा, मी आहो. सांगा ना."

"आवाजही बनवता येते. तेही मॅडमनंच सांगतलं."

खरंच मीच सांगितलं होतं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. पावणेपाच झाले. पोरगी माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझं डोकं सटकलं.

"ऐका. प्रगतीपुस्तकावर सही करायला तुम्ही तीन आठवडे लावले, वर चहाचा डाग. ग्रुपवर गृहपाठ टाकला की तुम्ही गुलाबाची फुलं पाठवता. सभेत मान हलवत होतात अन् बाकाखाली तंबाखू मळत होतात, मला दिसत नाही असं वाटलं? सोन्यासारखी पोरगी, अन् एका आकड्यापायी तिचं वर्ष मातीत घालून राहिले. काहून? अक्कल गहाण ठेवली का गा?"

पालकाला मी चक्क 'गा' म्हटलं, 'अरे' म्हणावं तसं. दम लागला म्हणून थांबले.

"पटलं," तो शांतपणे म्हणाला. "मॅडमच आहा तुमी. असं दुसऱ्या कोणाले रागावता येत नाही. घ्या लिहून."

आकडा टाकला, तर मुदत माझ्या भाषणातच संपलेली. दुसरा मागवला. तो त्यानं दोनदा म्हणून दाखवला. पाचला चार मिनिटं असताना अर्ज गेला.

"झालं का, मॅडम?"

"झालं. आता सांभाळून चालवा."

"चालवाचं कुठं? बारा वाजतापासून धाब्यावर गाडी लावून बसलो. पोरीनं सांगतलं होतं, आज तिचा आकडा येईन म्हणून. मालकाचे चार फोन आले, उचलले नाही. म्हटलं, लाइन बिझी राहीन. पोरीचा आकडा, कोण्या लबाडाच्या हाती कसा जाऊ द्याचा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "बोलले त्याचं मनावर घेऊ नका."

"चालते, मॅडम. फक्त पुढच्या मिटिंगमधी सगळ्याईले सांगजा, मॅडमनं रागावल्याबिगर आकडा देऊ नोका."