लेकीनं हात न लावलेली पाठ

माझी मुलगी ऑस्टिओपॅथ आहे. हा शब्द मला न अडखळता म्हणता यायला सहा महिने लागले. आधी ती फिजिओथेरपी शिकली, तेवढं सगळ्यांना कळलं. मग नोकरी करता करता, सुट्टीच्या दिवशी वर्ग करत, तिनं आणखी चार वर्षं हातांनीच सांधे-स्नायू मोकळे करायचं हे शास्त्र शिकण्यात घातली. कोणी विचारलं की मी "हाडांचं काहीतरी" म्हणून वेळ मारून न्यायचे. माझी जाऊ एकदा बोलून गेली, "एवढं शिकून शेवटी मालिशच ना?" मी हसले, पण ते मला लागलं. कारण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मी अंधेरीला एका स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करते. नटीचा ब्लाउज दहा मिनिटांत आवळून द्यायचा, दुपारी तोच पुन्हा सैल करायचा. तेवीस वर्षं मान खाली. दोन-तीन वर्षांपूर्वी उजव्या बाजूनं मान वळेना. कांजूरमार्गच्या आमच्या घरात मी हे लपवत होते, पण एकदा मागून हाक मारल्यावर मी मान न वळवता अख्खी वळले, आणि मुलीच्या ते लक्षात आलं.

"उद्या दवाखान्यात ये."

"इथंच दाब ना जरा. त्यासाठी मुलुंडपर्यंत कशाला?"

"घरी मी तुझी मुलगी आहे. तिथं ये."

मुलुंडला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तिला एक खोली दिलेली आहे. मी गेले. वाटलं होतं, लगेच झोपवेल आणि मान मोडेल. तिनं आधी खुर्चीत बसवलं आणि वीस-पंचवीस मिनिटं नुसतं विचारत राहिली. दुखणं कधी सुरू झालं, कशानं वाढतं, हाताला मुंग्या येतात का, चक्कर येते का, गोळ्या कुठल्या, कुठली ऑपरेशनं. मग म्हणाली, "कधी पडलीयेस?"

ती पोटात असताना सातव्या महिन्यात मी चाळीच्या जिन्यावरून पडले होते. उजव्या खांद्यावर. बाळ ठीक आहे म्हटल्यावर खांद्याचं कोणाला सांगितलंच नाही. नवऱ्यालाही नाही. ते मी तिला तिथं, त्या टेबलाशेजारी बसून पहिल्यांदा सांगितलं. तिनं लिहून घेतलं. लिहिताना पेन जरा थांबलं, एवढंच. मग तिनं विचारलं, "त्यानंतर हात पूर्ण वर जायचा?" इतर कुठल्याही पेशंटला विचारावं तसं. तिचा आवाज हलला नाही म्हणून मीही सावरले.

मग उभं केलं, वाकवलं, श्वास घ्यायला लावला. पाठीमागून माझं चालणं बघितलं. टेबलावर झोपवल्यावर तिचे हात आधी मानेकडे गेलेच नाहीत. फासळ्यांवर ठेवले, मग पाठीच्या मधोमध.

"अगं, दुखतंय मानेत!"

"माहितीये. पण तुझी पाठ इथं अजिबात हलत नाहीये, म्हणून सगळं काम मान करतेय. आता बोलू नकोस, श्वास घे."

कडकड असा आवाज एकदाच झाला, तोही तिनं आधी सांगून, विचारून. बाकी सगळं इतकं सावकाश की ती काही करतेय की नुसते हात ठेवून बसलीय, कळेना. निघताना म्हणाली, "उद्या अंग दुखेल, एक-दोन दिवस. घाबरू नकोस. आणि पूर्ण बरं करीन असं मी म्हणणार नाही. तीन-चार वेळा बघू. फरक पडला नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवीन."

दुसऱ्या दिवशी खरंच अंग ठणकलं. तिसऱ्या खेपेला मान बरीच वळली. कपडेपटात तिनं मशीनखाली दोन विटा ठेवायला लावल्या, खुर्ची बदलायला लावली. आजही थंडीत मान धरते, पण मी मागे वळून बघू शकते. मग काय, मी सगळीकडे सांगत सुटले.

माझा मोठा भाऊ घाटकोपरला राहतो, रिक्षा चालवतो. त्याची पाठ तीन महिने दुखत होती. रिक्षावाल्याची पाठ दुखणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीच त्याला ओढत मुलुंडला नेलं. आत गेल्या गेल्या तो त्याच्या मालवणी थाटात म्हणाला, "अगो, माका जास्त विचारू नको. पाठ कडाकड मोडून दी. उद्या रिक्षा काढूची आसा."

"मामा, आधी बस," मुलगी म्हणाली.

तिनं त्यालाही तसंच विचारायला सुरुवात केली. आडवं झाल्यावर कमी होतं का? नाही, उलट झोपेतून जाग येते. ताप? संध्याकाळी थोडी कणकण. वजन? पँट सैल झालीय, पण ती उन्हानं. पाय? पाय जरा जड वाटतात, ब्रेक दाबताना. प्रत्येक उत्तरासरशी तिचा चेहरा शांत होत गेला. मी आई आहे, तिचं ते शांत होणं मला ओळखता येतं. दहावीच्या पेपराला निघताना ती तशी व्हायची.

तिनं त्याला टाचांवर चालायला सांगितलं. डावा पाय नीट उचलेना. पाठीच्या एका मणक्यावर तिनं बोटांनी हलकेच टकटक केलं आणि तो ओरडला. तिनं हात काढून घेतला.

"मामा, मी तुझ्या पाठीला हात लावणार नाही."

"म्हणजे?"

"हे माझं काम नाही. तुझा आज एमआरआय व्हायला हवा. मी चिठ्ठी देते, मणक्याच्या डॉक्टरांना फोनही करते. आणि कुठल्याही हाडवैद्याकडे जाऊन पाठ मोडून घ्यायची नाही. ऐकतोयस ना?"

भाऊ भडकला. "मगे कित्याक शिकलंस इतकी वर्षां? हात लावूक काय होता तुका?"

मलाही लाज वाटली. एवढं कौतुक सांगून आणलं आणि हिनं पाचच मिनिटांत परत पाठवलं! मी म्हटलं, "अगं, थोडं तरी कर. आलोय इतक्या लांब."

ती माझ्याकडे वळली. "आई, तू बाहेर बस." मी दारापर्यंत पोचले तोवर तिनं भावापुढे गुडघ्यावर बसून त्याचा हात धरला. "मामा, शिकलेय म्हणूनच लावत नाही. माझं चुकलं तर तुझा एक दिवस जाईल. तुझं चुकलं तर पाय जातील."

तो चिठ्ठी घेऊन धुसफुसत उठला. पण गेला.

मणक्याचा टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, ऑपरेशनशिवाय निभावेल. या अवस्थेत कोणी पाठ मोडली असती तर वाट लागली असती. ते ऐकताना भावानं माझं मनगट असं धरलं होतं की बोटांचे वळ उठले. दीड वर्ष गोळ्या, सुरुवातीला पट्टा, रिक्षा बंद. वहिनीनं पोळीभाजीचे डबे करून घर चालवलं. मुलगी दर रविवारी घाटकोपरला जाऊन त्याला चालवून बघायची, गोळी चुकवली तर ओरडायची. गेल्या गणपतीत तो आरतीला पूर्ण वेळ उभा राहिला. टाळ वाजवत, नेहमीसारखा बेसूर.

हल्ली तो डॉक्टरांच्या परवानगीनं मुलीकडे येतो. महिने न महिने आखडून गेलेल्या फासळ्या आणि कंबर ती हळूहळू मोकळी करते. परवा मी त्याच्यासोबत गेले आणि बाहेर बाकावर बसले होते. शेजारी एक बाई पहिल्यांदाच आलेली, पर्स घट्ट धरून.

"काय हो, आत खूप दुखतं का?"

मी सांगितलं. आधी खूप विचारतील, कंटाळू नका, सगळं खरं सांगा, जुनं पडणं-धडपडणंसुद्धा. दुखतं तिथंच हात लावतील असं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखेल. आणि तुमचं दुखणं त्यांच्या हातातलं नसेल, तर तसं तोंडावर सांगतील.

"तुम्हाला बरंच माहितीये," ती म्हणाली. "डॉक्टर चांगल्या आहेत ना?"

आतून भावाचं हसणं ऐकू येत होतं. मी पदर सारखा केला, ताठ बसले आणि म्हटलं, "माझीच मुलगी आहे. ऑस्टिओपॅथ."