हळदीच्या पाण्यातलं लाखाचं नाणं

आमच्या घराण्यात लाखाचं नाणं आजवर एकदाच सापडलं, आणि ते किन्हीराजा गावी हळदीच्या पाण्यात सापडलं.

आधी माझ्या भिंगाची ओळख करून देतो. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. नाण्यावर अक्षरं दुहेरी उमटली असतील तर ते नाणं लाखात जातं! (व्हिडिओ अर्धाच पाहिला. डेटा संपला.) लगेच भिंग मागवलं.

"पैसे कुठून आणले जी?" बायकोनं, म्हणजे सुनंदानं, विचारलं.

"सवलत होती," मी म्हणालो आणि विषय बदलला. तेव्हापासून आसेगावातले दुकानदार मला सुटे पैसे द्यायला घाबरतात.

माझ्या पुतणीच्या, प्रणालीच्या, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील म्हणजे माझा दादा, सुनंदा आणि मी तिला माहेरी आणायला किन्हीराजाला तिच्या सासरी गेलो. अंगणात नवरानवरीचा खेळ चालू होता. परातीत हळदीचं पाणी, पाण्यात एक रुपया. ज्याच्या हाती तो लागेल त्याचं घरात चालणार! प्रणालीनं पहिल्याच झटक्यात नाणं वर काढलं. टाळ्या पडल्या. इथवर सगळं छान होतं. मग मी खिशातून भिंग काढलं.

"थांबा! साल दोनदा छापलंय! लाखाचं नाणं हाय हे!"

टाळ्या थांबल्या. प्रणालीची सासू, म्हणजे आमच्या इहीनबाई, पदर खोचून पुढे आल्या.

"परात आमची, पानी आमचं, मंग नाणं बी आमचंच."

"पण जिंकलं कोनं?" दादा उसळला. "आमच्या पोरीनं!"

"पोरगी आता आमची हाय!"

मी मध्यस्थीला गेलो. "इहीनबाई, अर्धं अर्धं करू ना." (रुपयाचे दोन तुकडे कसे करणार होतो, देव जाणे!)

"तुमी गप्प बसा! भांडन लावून राह्यले अन् वरून वाटण्या करता! नाणं ठेवा, नाही तर पोरगी आज येत नाही."

आमच्यासाठी निघालेला चहा अर्ध्या वाटेतून स्वयंपाकघरात परत गेला. जावई दोन्ही बाजूंच्या बोलण्याला मान डोलावत होते. प्रणालीचे डोळे भरून आले. पोरीला न घेता परतलो असतो, तर वहिनीनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

डोळे पुसून प्रणालीनंच विचारलं, "आई, हे नाणं तुमी आनलं कुठून?"

इहीनबाई जरा नरमल्या. "घरात सुटा रुपयाच नाही वो. सारे फोनवर पैसे देतात. मंग सकायी तुह्याच आहेराच्या एका पाकिटावरचा काढला."

प्रणालीनं आहेराची पिशवी अंगणात उपडी केली. रुपया चिकटवलेली तयार पाकिटं! त्यातल्या एकावर नुसताच डिंकाचा गोल डाग होता. वर नाव माझं.

"म्हणजे लाखाचा आहेर माझा!" मी छाती फुगवली. "इहीनबाई, काका असावा तर असा!"

तेवढ्यात प्रणालीनं माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि मला विचारून जावयांच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ लावला. उरलेला अर्धा. त्यात सांगितलं होतं की, नाणं छापायचा ठसाच दुहेरी कोरलेला असेल, तर त्याच्या प्रत्येक नाण्यावर दुसरी रेघ तश्शीच, वेगळी उठून दिसते. आणि ठसा झिजत गेला की दर नाण्यागणिक अक्षर जास्त सुजत जातं, पसरतं. अशा झिजल्या ठशाच्या नाण्याची किंमत? एक रुपया.

तिनं पाकिटांवरची त्याच सालाची नाणी ओळीनं मांडली. पहिल्यावर अक्षर किंचित जाड, पुढच्यावर अजून जाड, आणि शेवटी माझं, गांधीलमाशी चावल्यासारखं सुजलेलं!

"झिजला ठसा!" इहीनबाई खो खो हसल्या. "न्या वो पोरीले. अन् च्या आना रे!"

चहा आला, जिवात जीव आला. निघायच्या आधी प्रणाली म्हणाली, "काका, तुमचा रुपया तुमच्याच पाकिटात टाकून ठेवते," आणि मी "राहू दे, राहू दे!" म्हणेपर्यंत तिनं पाकीट फोडलंसुद्धा.

आतून पन्नासची नोट निघाली.

सुनंदानं शांतपणे कप खाली ठेवला. "म्या तुमाले पाचशेची नोट देल्ली होती. पाचशे एकचे एक्कावन्न काहून झाले?"

साऱ्या अंगणाची नजर माझ्यावरून प्रणालीच्या हातातल्या नव्याकोऱ्या भिंगावर गेली.

"ठसा झिजला असंल," मी म्हणालो. "मधलं शून्य उमटलंच नाही!"

भिंग आता सुनंदाकडे असतं. नाणी ती पाहत नाही. मी बाजारातून आलो की माझे खिसे पाहते.